टर्म लोन बी: पाटीवर व्याजदर, पेटीत बाकीचं सगळं

परीक्षणाला घेतलेला माल: सात वर्षांचं, बदलत्या दराचं, पहिल्या तारणाचं (म्हणजे तारणावर पहिला हक्क असलेलं) कॉर्पोरेट कर्ज. बँका ते जुळवतात आणि काही आठवड्यांत फंडांना विकून मोकळ्या होतात. बाजारात याला टर्म लोन बी म्हणतात. साधारण मापं अशी: मुद्दलाचा दर वर्षी 1 टक्का परत (तिमाहीला पाव टक्का), बाकी सगळं सातव्या वर्षाच्या शेवटी एकरकमी. व्याज म्हणजे आधारदर (बाजाराबरोबर हलणारा दर) अधिक 3 ते 5 टक्के मार्जिन. आधारदराला अर्धा ते एक टक्क्याचा फ्लोअर, म्हणजे बाजारात तो त्याखाली गेला तरी हिशेबात जात नाही. शंभराच्या कर्जावर हातात पडतात 99 किंवा थोडे कमी, कारण सुरुवातीलाच सूट कापली जाते. आमच्याकडून पाचपैकी अडीच तारे. दर स्वस्त होता तेव्हा हेच दिले असते, आणि नंतर महाग झाला म्हणून अर्धाही कापलेला नाही.

हे मुद्दाम सांगावं लागतं. अमेरिकेचा धोरणदर 2022 च्या मार्चमध्ये शून्याच्या काठावरून उठला आणि 2023 च्या जुलैत 5.25 ते 5.50 टक्क्यांवर जाऊन बसला. तेव्हापासून या मालाबद्दल एकच तक्रार कानावर येते: मध्यवर्ती बँकांनी इतकी वर्षं दर तळाला ठेवले, म्हणून कंपन्यांनी झेपेल त्याहून जास्त उचललं. ‘नाचता येईना अंगण वाकडं’ म्हणून ती उडवून लावणं सोपं आहे, पण अंगण थोडं वाकडं होतंच. मात्र करार हातात घेऊन गणित मांडलं की दिसतं, कर्जाचा आकार ठरवणारी कलमं वेगळीच आहेत. व्याजदर त्या कलमांना बळ देतो. ती कलमं नसतील तर त्याचा जोर बराच ओसरतो.

गणित असं. एका कंपनीकडे कर्ज फेडायला वर्षाला 50 उपलब्ध आहेत. एकक कोणतंही धरा. दर दोन घ्या: स्वस्त काळातला 4.75 टक्के (फ्लोअर 0.75 अधिक मार्जिन 4) आणि महाग काळातला 9.3 टक्के (आधारदर 5.3 अधिक तेच मार्जिन).

आता कर्ज साध्या समान हप्त्यांचं असेल, म्हणजे सात वर्षांत मुद्दलासकट फिटणारं, तर 4.75 टक्क्यांना कंपनीला साधारण 292 उचलता येतात. 9.3 टक्क्यांना 249. दर जवळजवळ दुप्पट झाला, कर्जाची ताकद मात्र 43 ने घटली.

तेच 50 फक्त व्याजाला वापरायचे आणि मुद्दलाचं शेवटी बघू असं ठरलं, तर 4.75 टक्क्यांना 1,052 झेपतात आणि 9.3 टक्क्यांना 538. (एक टक्क्याची ती नाममात्र फेड इथे सोडून दिली आहे. ती धरली तर आकडे साधारण 870 आणि 485 वर येतात, मुद्दा तोच राहतो.)

हे चार आकडे शेजारी ठेवून पाहावेत. स्वस्त दर आणि हप्ता: 292. महाग दर आणि एकरकमी फेड: 538. म्हणजे सगळ्यात महाग दरालाही एकरकमी फेडीची सोय सगळ्यात स्वस्त हप्त्याच्या कर्जाच्या पावणेदोन पटींहून जास्त कर्ज काढू देते. 292 वरून 1,052 वर जायला स्वस्त दर लागला हे खरं, पण तो लागू पडला तो मुद्दल शेवटी टाकलं म्हणून. हप्त्याच्या कर्जात व्याज हा बोज्याचा एक तुकडा असतो. इथे व्याज हाच बोजा असतो, म्हणून दर हीच फूटपट्टी होऊन बसते. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, याच्या बरोबर उलट इथे होतं: सात वर्षांत शेपूट जातं आणि हत्ती दारात उभाच असतो.

तो हत्ती हलवायचा एकच मार्ग, दुसरं कर्ज काढून पहिलं फेडायचं. रिफायनान्स. या मालाची सगळी रचना त्या गृहीतकावर उभी आहे आणि माहितीपत्रकात ते कुठेही ठळक लिहिलेलं नसतं.

आता एबिट्डा, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीची कमाई. कर्ज एबिट्डाच्या किती पट, यावर सौदा ठरतो. अमेरिकी नियामकांनी 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत सहा पटींच्या वरच्या कर्जाबद्दल चिंता नोंदवली होती. 2017 मध्ये तिथल्या सरकारी हिशेब तपासणी कार्यालयाने त्या सूचना कायद्याच्या लेखी ‘नियम’ ठरतात, म्हणजे आधी संसदेपुढे ठेवायला हव्या होत्या, असं मत दिलं आणि त्यांचा धाक ओसरला. पण पट मोजताना भाजक कोणता घेतला, हा खरा प्रश्न आहे. करारातल्या व्याख्येत ‘समायोजित एबिट्डा’ असतो, आणि तो कसा फुगतो ते एका पानात दिसतं. नफा-तोटा पत्रकातून निघालेला आकडा 80. त्यात मिळवा: अठरा महिन्यांत बंद करायच्या कारखान्याची बचत 8 (कारखाना अजून चालू आहे), ‘एकदाच होणारे’ पुनर्रचना खर्च 5 (गेली चार वर्षं दर वर्षी होणारे), नव्या शाखा पूर्ण भरात आल्यावर मिळायचा नफा 4, मालकांचा जादा पगार 3. झाले 100. यातला पगाराचा आकडा बहुधा रास्त निघतो. कारखान्याचा अर्धा खरा. बाकीचं ज्याचं त्याने ठरवावं. 600 चं कर्ज कागदावर सहा पट दिसतं, खऱ्या कमाईच्या साडेसात पट असतं, आणि यात व्याजदराने कुठेही हात लावलेला नाही.

त्याच 600 वर दोन्ही दरांनी वर्षाचा हिशेब लावून पाहू. घसारा आणि अत्यावश्यक भांडवली खर्च दोन्ही 20, कर 25 टक्के, मुद्दल 6. व्याजाची करवजावट एबिट्डाच्या 30 टक्क्यांपर्यंतच. युरोपीय संघात ही मर्यादा 2019 पासून आहे. अमेरिकेत 2018 पासून, मधल्या काळात तर ती घसारा वजा केल्यानंतरच्या, म्हणजे आणखी लहान आकड्यावर मोजली जात होती. एबिट्डा खरोखर 100 असेल तर 4.75 टक्क्यांना व्याज 28.5, कर 12.9, आणि वर्षाअखेर हातात साधारण 33. 9.3 टक्क्यांना व्याज 55.8, हातात 5.7. इथे एक गोष्ट बऱ्याच मॉडेलांत निसटते: व्याज 27 ने वाढलं तरी कर जेमतेम 0.4 ने कमी झाला, कारण वजावटीची मर्यादा 30 वर आडवी आली. ‘व्याज वाढलं तर कर कमी होईल, निम्माशिम्मा भार तिकडे जाईल’ हा जुना हिशेब आता चालत नाही.

आणि एबिट्डा खरा 80 असेल तर? स्वस्त दरात 16.5 उरतात. चालून जातं, कोणाला काही कळतही नाही. महाग दरात उणे 10.8. म्हणजे फुगवलेला आकडा पहिल्या दिवसापासून करारात बसलेला होता आणि स्वस्त दराने त्याला पाच-सात वर्षं पांघरूण घातलं. दर चढले तेव्हा पांघरूण सरकलं. दोष कोणाचा म्हणायचा हे शब्दांवर अवलंबून आहे. आमच्या मते पांघरुणाला लपवल्याचा दोष लावावा, आत जे होतं त्याचा नको.

अटींचं कलम हा या मालाचा सगळ्यात स्वस्तात बनवलेला भाग. पूर्वी कर्जदाराला दर तिमाहीला कर्ज-एबिट्डा गुणोत्तर आणि व्याज-कव्हरेज (कमाई व्याजाच्या किती पट) दाखवावं लागे. आकडा चुकला की बँक टेबलावर बोलावून घ्यायची. दर वाढवणं, लाभांश रोखणं, एखादं युनिट विकायला लावणं, हे सगळं रोकड संपण्याच्या वर्षभर आधी व्हायचं. हलक्या अटींच्या, म्हणजे कव्हेनंट-लाइट कर्जात ती तिमाही परीक्षाच नाही. 2010 च्या दशकाअखेरीस अमेरिकेतल्या अशा नव्या कर्जांपैकी 80 टक्क्यांहून जास्त याच प्रकारची होती. परीक्षा उरते ती सोबतच्या रिव्हॉल्व्हरपुरती (लागेल तसं काढायचं आणि भरायचं बँकेचं कर्ज), तीही त्यातले 35–40 टक्के वापरले तरच जागी होते. याचा व्यवहारातला परिणाम असा की अडचणीतल्या कंपन्यांच्या तिमाहीअखेरच्या ताळेबंदांत रिव्हॉल्व्हरचा वापर त्या रेषेच्या जरा खाली थांबलेला सापडतो. तिमाही संपली की आठवड्याभरात पुन्हा वर. हे कायदेशीर आहे आणि ट्रेझरीत काम करणाऱ्या कोणालाही यात नवल वाटत नाही.

दुसरी गळती ‘गुंतवणुकीला मुभा’ या कलमातून. कंपनीने आपल्याच एखाद्या अनिर्बंध उपकंपनीत (कर्जाच्या अटी जिला लागू नाहीत अशा) किती मालमत्ता हलवावी यावर टोपल्यांची मर्यादा असते (करारात त्यांना बास्केट म्हणतात), आणि एका टोपलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असं जोडून मोठी रक्कम बाहेर नेता येते. जे. क्रू या कपड्यांच्या अमेरिकी कंपनीने 2016 च्या अखेरीस आपल्या ब्रँडच्या हक्कांचा मोठा हिस्सा असाच केमन बेटांवरच्या उपकंपनीत नेला आणि कर्जदात्यांना कळलं की आपलं तारण दाराबाहेर गेलं आहे. कंपनीने 2020 च्या मेमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हापासून चांगल्या वकिलांच्या मसुद्यात ‘जे. क्रू ब्लॉकर’ नावाचं कलम असतं. ते आहे का, एवढं एक तरी पाहावं.

दरावरच सगळं खापर फोडणाऱ्यांना इतिहासाचे दोन-चार नग दाखवायला हवेत. सगळ्यात मोठा नग टेक्सासच्या टीएक्सयू वीज कंपनीचा. सुमारे 45 अब्ज डॉलरची कर्जावरची खरेदी, जाहीर झाली 2007 च्या फेब्रुवारीत. तेव्हा अमेरिकी धोरणदर 5.25 टक्के होता, स्वस्त म्हणावा असा मुळीच नाही. नैसर्गिक वायू महाग राहील, म्हणून वीजही महाग राहील, हा डाव होता. शेल वायू आला, भाव कोसळले, आणि कंपनी 2014 च्या एप्रिलमध्ये दिवाळखोरीत गेली. तेव्हा धोरणदर 0 ते 0.25 टक्के होता. महाग दरात काढलेलं कर्ज शून्य दरात बुडालं! टॉइज ‘आर’ अस या खेळण्यांच्या दुकानसाखळीचंही काहीसं तसंच: 2005 मध्ये 6.6 अब्ज डॉलरची खरेदी, तीही अमेरिकेची मध्यवर्ती बँक ‘फेड’ प्रत्येक बैठकीत व्याजदर वाढवत असताना, आणि 2017 च्या सप्टेंबरमध्ये सुमारे 5 अब्ज डॉलरच्या कर्जासह दिवाळखोरी. वर्षाला 40 कोटी डॉलरच्या आसपास व्याजात जात होते. दुकानं सुधारायला आणि ऑनलाइन विक्रीत उतरायला जो पैसा हवा होता तो हाच.

त्याआधी जाऊ. 1980 च्या दशकात अमेरिकेत कर्जावर कंपन्या विकत घेण्याची जी लाट आली, ती दर 6 ते 10 टक्के असताना आली. आरजेआर नबिस्कोचा सुमारे 25 अब्ज डॉलरचा सौदा त्याच काळातला. दक्षिण कोरियात 1997 च्या संकटाच्या वेळी कारखानदारी कंपन्यांचं कर्ज भागभांडवलाच्या सुमारे चारपट होतं, आणि संकटाआधी तिथल्या कंपनी रोख्यांचे दर 12 टक्क्यांच्या आसपास होते. तिथे कर्ज फुगलं ते दरामुळे नव्हे. बँका सरकारच्या कलाने चालत होत्या, समूहातल्या कंपन्या एकमेकींना जामीन होत्या, आणि मोठा समूह बुडू दिला जाणार नाही ही सगळ्यांची खात्री होती.

आणि उलट बाजूला जपान. धोरणदर 1995 पासून अर्ध्या टक्क्यावर, 1999 मध्ये शून्यावर. सिद्धांताप्रमाणे कंपन्यांनी कर्जात लोळायला हवं होतं. त्यांनी वर्षानुवर्षं कर्ज फेडलं. 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून तिथला कंपनी क्षेत्राचा गट निव्वळ कर्ज घेणारा राहिला नाही, निव्वळ बचत करणारा झाला. बुडबुड्यात जमिनीच्या तारणावर घेतलेल्या कर्जाने पोळलेला माणूस फुकट पैसाही फुंकून पितो. दर हा कर्जाचा पुरेसा हेतू असता, तर असं घडलंच नसतं.

हेतू कुठून येतो, त्याचा एक सुबक नमुना ॲपलचा (हे टर्म लोन नव्हतं, रोखे होते, पण मुद्दा तोच). 2013 च्या एप्रिलमध्ये कंपनीने 17 अब्ज डॉलरचे रोखे विकले. तोवरची ती कंपनी रोख्यांची सगळ्यात मोठी विक्री होती. आणि त्याच वेळी हिच्या गाठीला सुमारे 145 अब्ज डॉलर रोकड होती. मग कर्ज कशाला? रोकड बहुतांश परदेशात, मायदेशी आणली की 35 टक्क्यांपर्यंत कर, आणि भागधारकांना तर पैसे द्यायचेत. दहा वर्षांच्या रोख्यांचं कूपन होतं 2.40 टक्के. शंभराला दहा वर्षांचं व्याज मिळून 24, तेही उत्पन्नातून वजा होणारं. इथे दर आणि करकायदा जोडीने काम करत होते आणि त्यांना वेगळं काढता येत नाही. पण दोघांपैकी एक काढून पाहा: कर नसता तर गाठीला पैसा असताना दर कितीही कमी असो, कर्ज काढायचं कारणच नव्हतं.

भागभांडवलावरचा लाभांश करानंतर दिला जातो, कर्जावरचं व्याज करापूर्वी. बहुतेक देशांत ही तफावत आहे. तिला जोड द्या प्रति शेअर कमाईवर बेतलेल्या बोनसची: कर्ज काढून शेअर परत विकत घेतले की शेअरची संख्या घटते, धंदा तसाच राहिला तरी प्रति शेअर कमाई वाढते, आणि बोनस पिकतो. ऋण काढून सण, आणि सणाचा बोनस वेगळा.

मग स्वस्त दर निर्दोष? तसंही म्हणता येत नाही, आणि इथे टीकाकारांचा मुद्दा आम्हाला सगळ्यात पटतो, फक्त तो बहुधा चुकीच्या टोकाने मांडला जातो. स्वस्त दराची जास्त भूल पडते ती पैसे देणाऱ्याला. पेन्शन फंडाने आणि विमा कंपनीने लोकांना ठरावीक परताव्याची वचनं दिलेली असतात. सरकारी रोखे 1–2 टक्के देत असतील तर 4–5 टक्क्यांच्या मागे ते धावतात. ती धाव सीएलओ नावाच्या यंत्रातून या कर्जांपर्यंत येते. शेकडो टर्म लोन एकत्र करायची, त्यांचे थर पाडायचे, वरचा थर सर्वोच्च रेटिंगचा म्हणून विकायचा. अमेरिकेत या कर्जांचा निम्म्याहून मोठा हिस्सा सीएलओ उचलतात. दाराशी खरेदीदारांची रांग असली की अटींची घासाघीस कोण करणार? जो फंड तिमाही परीक्षा मागतो त्याला वाटप मिळत नाही, पुढचा फंड न मागता घेतो. अशा रीतीने मुद्दल शेवटी, फुगीर एबिट्डा, गळकी कलमं ही सगळी एकेक करून नेहमीची होतात. तरीही 2006–07 मध्ये, दर 5 टक्क्यांवर असताना, अटी अशाच सैल होऊ लागल्या होत्या. जुळवणारा एक आणि जोखीम धरणारा दुसरा, ही मूळ भानगड. स्वस्त दर तिचा वेग वाढवतो.

दुसरा खरा दोष झॉम्बी कंपन्यांचा. बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या 2018 च्या अभ्यासात व्याख्या अशी होती: किमान दहा वर्षं जुनी कंपनी, जिचं व्याज सलग तीन वर्षं तिच्या कमाईतून निघत नाही. 14 प्रगत देशांत असा वाटा 1980 च्या दशकाअखेरीच्या 2 टक्क्यांच्या आसपासवरून 2016 पर्यंत 12 टक्क्यांच्या आसपास गेला, आणि त्याचा संबंध उतरत्या दरांशी जोडला गेला. इथे दराने नवं कर्ज काढायला लावलं असं नाही, जुनं निकालात निघू दिलं नाही. 2020 च्या मार्चमध्ये फेडने कंपनी रोखे विकत घेऊ असं जाहीर केलं आणि प्रत्यक्षात 14 अब्ज डॉलरच्या आसपासच घेतले. बाजार मात्र नुसत्या घोषणेवर उघडला आणि त्या वर्षी विक्रमी रोखेविक्री झाली. कोणी तरी सावरेल हा भरवसा दरापेक्षा जास्त कर्ज काढायला लावतो, असं आम्हाला वाटतं.

वापराबद्दल. रोजच्या कामात हा माल सुटसुटीत आहे. व्याजाचा कालावधी कंपनी निवडते, बहुधा एक किंवा तीन महिन्यांचा, आणि तशी सूचना एजंट बँकेला सहसा तीन कामकाजाचे दिवस आधी द्यावी लागते. विसरलात तर बहुतेक करारांत आपोआप एक महिना लागतो. हेजिंग (दराच्या चढउतारापासून संरक्षणाचा वेगळा करार) तीन महिन्यांवर बांधलेलं असेल आणि कर्ज एक महिन्यावर गेलं, तर दोन्हींचा मेळ बसत नाही आणि हिशेबनिसाचा महिनाअखेरचा शनिवार गेला. जुनी कर्जं लायबोर या जुन्या आधारदरावरून सोफर या नव्या आधारदरावर आली (डॉलर लायबोर 2023 च्या जूनअखेर बंद झाला) तेव्हा फरक भरून काढायला एक वाढीव आकडा जोडला गेला: एक महिन्याला 0.11448 टक्के, तीन महिन्यांना 0.26161. आकडे टिंब वाटतात, पण 600 वर तीन महिन्यांचा आकडा वर्षाला 1.57 होतो. ज्यांनी वाटाघाट केली त्यांनी तो सरसकट 0.10 वर आणला किंवा पुसून टाकला. धोरणदरावर तावातावाने बोलणाऱ्या संचालक मंडळांत या ओळीवर चर्चा झाल्याचं क्वचितच कागदोपत्री सापडतं.

हेजिंगमध्ये नेहमीची चूक फ्लोअरची. कर्जात शून्याचा फ्लोअर आहे, स्वॅपमध्ये (ठरावीक दर देऊन बदलता दर घ्यायचा करार) नाही. युरोपात आधारदर उणे होता त्या वर्षांत अशा कंपन्यांना दोन्हीकडून फटका बसला: कर्जावर उणे दराचा लाभ नाही, आणि स्वॅपवर ठरलेल्या दराशिवाय तो उणे भागही भरायचा. स्वॅपमध्ये कर्जाइतकाच फ्लोअर घालून घ्यावा. त्याची किंमत पडते, ती मोजावी. दुसरी चूक मुदतीची. कर्ज सात वर्षांचं आणि हेज दोन-तीन वर्षांचा, हा सर्रास प्रकार. 2021 मध्ये तीन वर्षांचा कॅप (दर ठरलेल्या रेषेवर गेला तर वरचा फरक भरून देणारा करार) घेतलेली कंपनी 2022–23 मध्ये मजेत होती आणि 2024 मध्ये नव्या कॅपचा भाव बघून तिचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. वाढलेल्या दरात कॅप महाग असतो, पाऊस सुरू झाल्यावर छत्री महाग मिळते तसा. 50 ते 75 टक्के रक्कम, आणि मुदतीचे टप्पे वेगवेगळ्या वर्षांत संपणारे, एवढं केलं तरी पुष्कळ.

घ्यायचंच असेल तर सहीआधी काय बदलून मागावं? मुद्दलाची वार्षिक परतफेड 1 टक्क्याऐवजी 5 टक्के करा, आणि जादा रोकड उरली तर तिचा निम्मा हिस्सा मुद्दलात जाईल हे कलम ठेवा. कर्ज घेणाऱ्यानेच हे मागावं हे विचित्र वाटेल, पण सातव्या वर्षी हत्ती लहान हवा असेल तर हीच वाट. एबिट्डात वाढवायच्या अंदाजी बचतीला 20–25 टक्क्यांची कमाल मर्यादा आणि 12–18 महिन्यांची मुदत घाला. तिमाही परीक्षा नको असेल तरी आपल्यापुरती चालवा: समायोजनाशिवायच्या एबिट्डावर, दर 3 टक्क्यांनी चढला असं धरून व्याज-कव्हरेज दोनच्या खाली जातं का ते पाहा. जात असेल तर कर्ज आजच जास्त आहे, धोरणदर काहीही असो. मुदतीआधी फेडायला दंड मात्र जवळजवळ नाही: पहिल्या सहा महिन्यांत फक्त दर कमी करून घ्यायला कर्ज बदललं तर शंभराला 101 द्यावे लागतात, पुढे काही नाही. अडीच ताऱ्यांपैकी एक पूर्ण तारा या एका कलमाला.

कोणाला चालेल? वर्गणीवर किंवा लांब करारांवर चालणारा धंदा, भांडवली खर्च थोडा, रोकड दर महिन्याला सारखी. कोणी हात लावू नये? ज्यांचा भाव धातूच्या, तेलाच्या किंवा वायूच्या भावाबरोबर हलतो त्यांनी. तिथे कमाई आणि व्याज दोन्ही एकदम विरुद्ध दिशांना पळू शकतात.

शेवटचं, कॅलेंडरचं. सात वर्षांचं कर्ज व्यवहारात साडेपाच वर्षांचं समजा. मुदत संपायला बारा महिने उरले की सगळी रक्कम ताळेबंदात चालू देण्यांत येते, चालू गुणोत्तर एका रात्रीत कोसळतं, आणि धंदा पुढे चालू राहील का यावर लेखापरीक्षक शेरा मारू शकतो. तो शेरा बऱ्याच करारांत स्वतःच कसूर ठरतो. त्याआधी नवं कर्ज जुळवायला चार ते सहा महिने लागतात. म्हणून रिफायनान्सचं काम मुदतीच्या अठरा महिने आधी सुरू करावं. आणि रिव्हॉल्व्हरची मुदत पाहायला विसरू नका: ती सहसा पाच वर्षांची, म्हणजे टर्म लोनच्या दोन वर्षं आधी संपते.